कार्ब्युरेटरचा काय गुन्हा?

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सकाळी आठ वाजता एखादी जुनी गाडी चालू होईनाशी झाली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पहिला येतो, दोन किक मारतो आणि "प्लग गेलाय" म्हणतो. दुसरा टाकी हलवून पेट्रोल आहे का ते ऐकतो. तिसरा (हा बहुधा मेकॅनिकलचा असतो, आणि बऱ्याचदा तो मीच असतो) खाली उकिडवा बसतो, गंभीर चेहरा करतो आणि निकाल देतो, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय." मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर आणतं. पुढच्या दहा मिनिटांत त्या गाडीचा प्रत्येक हलणारा स्क्रू प्रत्येकाने अर्धा अर्धा फिरवलेला असतो. गाडी जागेवरच. पहिलं लेक्चर गेलेलं.

मागच्या पावसाळ्यात मी या खेळाचा बळी होतो आणि गुन्हेगारही. तेव्हा हा लेख म्हणजे थोडी कबुली आहे आणि थोडी डिपार्टमेंटकडे तक्रार.

गाडी आमच्या बाबांची. २००१ सालची स्प्लेंडर, ९७.२ सीसी. पहिली पंधरा वर्षं संपल्यावर बाबा दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन तिचं रजिस्ट्रेशन वाढवून आणतात. म्हातारीला दवाखान्यात न्यावं तसं. सेकंड इयरला असताना त्यांनी ती मला दिली. देताना एकच वाक्य बोलले, "उगाच उघडू नकोस." ते मी ऐकलं असतं तर हा लेख झाला नसता.

जुलैत गाडीने नाटक सुरू केलं. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला छान चालू व्हायची. दोन किलोमीटर गेलं की आचके द्यायची आणि बंद. मग कितीही किका मारा, नाही म्हणजे नाही. रस्त्याकडेला दहा मिनिटं उभं राहिलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. कधी दोन किलोमीटरवर, तर कधी सहा-सात किलोमीटर गेल्यावर. त्यातही गंमत अशी, की पंपावर टाकी फुल करून निघालो की हमखास लवकर बंद पडायची.

आता हॉस्टेलवर याचे अर्थ किती निघावेत? एकाने सांगितलं, त्या पंपाचं पेट्रोल खराब आहे. दुसऱ्याने इथेनॉलवर व्याख्यान दिलं. ते सगळंच चूक नव्हतं. २०२५ पर्यंत आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी फार झालं की त्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो. जुन्या गाड्यांचे रबरी भागही त्याने लवकर खराब होऊ शकतात. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण थोडं लीन पडतं. हे सगळं खरं. पण लीन मिश्रणाची गाडी दहा मिनिटं विश्रांती घेऊन बरी कशी होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही.

मी काय केलं? पंधरा दिवसांत तीन वेळा कार्ब्युरेटर उतरवला. पहिल्यांदा रॉकेलने धुतला. दुसऱ्यांदा फ्लोट वाकवून बघितला. तिसऱ्यांदा पायलट जेटच्या भोकात तांब्याची तार घालून घासली. हे शेवटचं कोणी करत असाल तर आजपासून बंद करा. जेट पितळेचा असतो आणि त्याचं भोक म्हणजे केसांच्या हिशोबातलं काम. समजा ते ०.३५ मिलिमीटरचं आहे आणि आपल्या घासण्याने ०.४० झालं. दिसताना फरक शून्य. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे सुमारे ३० टक्के जास्त वाट. मग गाडी स्लोला धूर सोडते, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घसरतो आणि एअर स्क्रू कितीही फिरवला तरी बसत नाही. जेट कार्ब क्लीनरने भिजवून हवेच्या प्रेशरने फुंकायचा, तेवढंच. माझ्या गाडीला आता दोन आजार झाले होते. एक मूळचा आणि एक मी दिलेला. दुसऱ्यामुळे पहिला दिसेनासा झाला.

आणि मग ती पहाट आली. माझ्या रूम पार्टनरला पुण्याला एका कंपनीच्या टेस्टसाठी जायचं होतं. एसटी साडेपाचची, स्टँड इथून चार किलोमीटर. त्याला रिक्षा करू दिली नाही मी. "मी आहे ना!" आदल्या संध्याकाळी मुद्दाम टाकी फुल केली. पावणेपाचला निघायचं ठरलं होतं, निघालो पाच वाजता. दोन किलोमीटरला गाडी बंद. दहा मिनिटं थांबलो, चालू झाली, पुन्हा अर्ध्या किलोमीटरवर बंद. शेवटी तो पाठीला सॅक लावून पळत सुटला. मी गाडी ढकलत स्टँडवर पोचलो तेव्हा तो बाकावर बसला होता. एसटी गेली होती. पुढची मिळाली, पण टेस्ट हुकली. तो मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. पुढे तो दुसऱ्या कंपनीत लागला, पण त्यात माझं श्रेय काही नाही.

त्याच दिवशी गाडी एका गॅरेजवर नेली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करून सांगितलं, "कार्बोरेटर बदलावा लागेल, अडीच हजार. नाहीतर भंगारात टाका, गाडी लई जुनी झालीय." बाबांना फोन केला. ते म्हणाले, "विकून टाक मग." आवाजावरून त्यांना विकायची नव्हती एवढं कळलं.

परत येताना गाडी पुन्हा बंद पडली. आणि त्या वेळी पहिल्यांदा मी एक शहाणपणाची गोष्ट केली. थांबलो नाही, किक मारली नाही. गाडी बंद पडलेली असतानाच बघायचं ठरवलं. तोपर्यंतची सगळी तपासणी मी गाडी हॉस्टेलवर थंड उभी असताना, म्हणजे ती ठणठणीत असताना करत होतो! ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यातला प्रकार.

कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला तळाशी ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून खाली बाटली धरली. चार थेंब पडले. म्हणजे वाटी रिकामी. प्लग, कॉइल, सीडीआय यांच्यावरचे सगळे आरोप तिथल्या तिथे रद्द, कारण पेट्रोलच नाही तर ठिणगी काय पेटवणार? मग कॉककडून येणारी नळी काढली. कॉक चालू, टाकी जवळपास भरलेली, आणि नळीतून थेंब... थेंब... पुन्हा नाही. म्हणजे कार्ब्युरेटर निर्दोष! अडचण त्याच्या वर. टाकीत बघावं म्हणून झाकण उघडलं, तर "सुस्स" असा आवाज आला आणि नळीतून पेट्रोलची धार लागली. माझ्या चपलेवरच.

झाकणाखाली पॉलिथिनचा तुकडा होता. जूनमध्ये मीच बसवलेला. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये, इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी चालत नाही, असं कुठेतरी ऐकून मी दुधाच्या पिशवीचा गोल कापून झाकणाखाली घट्ट दाबला होता. रोज पंपावर तो उचलायचो आणि परत लावायचो, पण डोळ्यांना दिसत नव्हता. झाकणाला हवा आत यायला एक बारीक वाट असते, ती त्याने बंद झाली होती.

आपल्या घरी आई तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडते. एक तेलाला, एक हवेला. एकाच भोकाचा डबा कसा गुळुगुळु करत अडतो, ते आपण लहानपणापासून पाहिलेलं आहे. आणि मी थर्मोडायनॅमिक्समध्ये ७२ मार्क मिळवलेला माणूस!

रात्री बसून ढोबळ हिशोब मांडला. टाकीतल्या पेट्रोलची पातळी वाटीपेक्षा समजा २५ सेंटीमीटर वर. त्या उंचीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांहून थोडा कमी. म्हणजे टाकीतली कोंडलेली हवा तेवढीच, सुमारे दोन टक्के पसरली की धार थांबणार. बॉईलचा नियम, अकरावीतला. टाकी अर्धी असेल तर वर पाच लीटर हवा, तिचे दोन टक्के म्हणजे १०० मिलिलीटर. लीटरला ६० किलोमीटर धरले तर सहा किलोमीटर. टाकी फुल असेल तर वर हवा जेमतेम अर्धा लीटर, तिचे दोन टक्के १० मिलिलीटर. त्यावर अर्धा-पाऊण किलोमीटर, आणि बाकीचं वाटीत होतं तेवढ्यावर. झाले दोन किलोमीटर! फुल टाकीला लवकर का बंद पडते, याचं उत्तर समोर कागदावर होतं. ज्याला मी पंपाच्या पेट्रोलचा दोष म्हणत होतो, तोच गाडीने दिलेला सगळ्यात स्पष्ट पुरावा होता. (उन्हात पेट्रोलची वाफ होऊन हिशोब हलतो, आणि पॉलिथिन काही पूर्ण हवाबंद नव्हतं, म्हणूनच दहा मिनिटांत पुन्हा चालू व्हायची. पण दिशा कळायला एवढं पुरे.)

आता तक्रारीकडे. मी कार्ब्युरेटर शिकलो नव्हतो असं नाही. सोलेक्स कार्ब्युरेटरची आकृती मी झोपेतही काढेन, सगळी नावं, सगळे बाण. जर्नलमध्ये आहे, सरांची सही आहे. पण ओरलला मला कोणी विचारलं नाही, की "गाडी दोन किलोमीटरवर बंद पडते, दहा मिनिटांनी चालू होते. पहिला स्क्रू कोणता उघडशील, आणि का?" आकृती पाठ असणं आणि बिघाड शोधता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आपण शिकवतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की आय.सी. इंजिन लॅबमध्ये कापलेलं, रंगवलेलं इंजिन आहे, तसं एक चालू जुनी मोटरसायकल ठेवावी. दर बॅचला असिस्टंट काकांनी गुपचूप एक बिघाड करून ठेवावा. कधी प्लग कॅप सैल, कधी कॉक अर्धवट बंद, कधी इनटेकच्या जोडावर हवा खेचणारी फट. आणि जर्नलमध्ये आकृतीऐवजी लिहायला लावावं: काय बघितलं, त्यावरून कोण निर्दोष ठरलं, मग पुढे काय बघितलं.

एका सरांशी बोललो. ते म्हणाले, "कार्ब्युरेटर आता राहिलाय कुठे? १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. तुम्ही स्कॅनर शिका." मुद्दा बरोबर आहे, स्कॅनर शिकायलाच हवा. पण स्कॅनर फार तर मिश्रण लीन आहे असं सांगेल. झाकणाखाली दुधाची पिशवी आहे असं तो सांगणार नाही. तिथपर्यंत माणसालाच पोचावं लागतं. आणि ते शिकायला जुन्या गाडीसारखी गरीब मास्तरीण नाही. तिचं सगळं हाताला लागतं, नाकाला कळतं.

नाकावरून आठवलं. हॉस्टेलवर अजून स्प्लेंडर, सीडी १००, एक आरएक्स १०० अशा म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या मालकांसाठी थोडं. पाच-सहा किकांनंतर प्लग काढा. ओला आणि वासाचा असेल तर पेट्रोल पोचतंय. चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि किक मारा, जादा पेट्रोल बाहेर जाईल. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, ड्रेन स्क्रूपासून वर चढत जा. ठिणगी बघताना प्लगचं अंग हेडला टेकवा, पण सांडलेलं पेट्रोल आणि प्लगचं भोक यांच्यापासून लांब. सिगरेटवाल्या सल्लागारांना आधी घालवा. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, तर पायलट जेट जाम किंवा कुठेतरी जादा हवा. मोठ्या सुट्टीनंतर हे हमखास होतं, कारण वाटीतलं पेट्रोल उडून चिकट राळ उरते. तेव्हा घरी जाण्याआधी कॉक बंद करून वाटी रिकामी करा. स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी पूर्ण आवळून किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परत यायची वाट राहते. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आवळल्यावर मिश्रण रिच होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर लीन. निम्मं हॉस्टेल इथेच उलटं फिरवतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉम्प्रेशन आणि टॅपेटचं काम मात्र चांगल्या मिस्त्रीकडे न्या, तिथे माझाही हात नको.

गाडी विकली नाही. नवा पायलट जेट बसवला, पॉलिथिन काढलं, दोन पावसाळी महिने एकदाही थांबली नाही. बाबांना खरं कारण अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी जाणार नाही याची काळजी घेतली आहे. प्लग पाना, फीलर गेज आणि कार्ब क्लीनरचा अर्धा डबा माझ्या रूमवर आहे. कोणीही घेऊन जा, पण परत आणून द्या. दहा नंबरचा पाना दिवाळीपासून कोणाकडे आहे, तेही एकदा सांगा.