तराजू आपल्याही हाती हवा

१९९० च्या सुमारास भारतीय शेतकऱ्यावर एक गंभीर ठपका ठेवण्यात आला होता. भारतातील भातखाचरांतून दरवर्षी सुमारे ३८ दशलक्ष टन मिथेन वायू वातावरणात मिसळतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वर्तविला. त्याचा आधार होता युरोप-अमेरिकेतील मोजक्या शेतांतील निरीक्षणांचा. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील डॉ. आशेष प्रसाद मित्र यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशाच्या विविध भागांतील भातखाचरांत उतरून प्रत्यक्ष मोजमाप झाले. उत्तर आले सुमारे ४ दशलक्ष टन. नऊपट फुगविलेला आकडा कोसळला तो घोषणांनी नव्हे, चिखलात उभे राहून केलेल्या मोजणीने.

या घटनेचे स्मरण आज करण्याचे कारण असे की, हरितगृह वायूंचा हिशेब आता आकाशातून मांडला जात आहे. जपानचा इबुकी हा उपग्रह २००९ मध्ये, अमेरिकेचा ओसीओ-२ हा २०१४ मध्ये, तर युरोपचा सेंटिनेल-५पी २०१७ मध्ये अवकाशात गेला. कोणत्या देशावर कोणता वायू किती साठला आहे, याचे नकाशे त्यांच्या नोंदींतून तयार होतात. उपग्रहाने पाहिले म्हणजे ते सत्यच, अशी सर्वसामान्यांची समजूत असते. ती मात्र तपासून घ्यायला हवी.

उपग्रह वायू थेट मोजत नाही. भूपृष्ठावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश तो टिपतो. त्या प्रकाशाच्या वर्णपटातील कोणता भाग वायूंनी शोषून घेतला, यावरून वातावरणाच्या संपूर्ण स्तंभातील वायूचे सरासरी प्रमाण गणिताने काढले जाते. वाटेत धूर आणि धूळ असेल, जमीन कमीअधिक चकाकत असेल, तर गणित चुकू शकते. हवेच्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे चारशेहून अधिक कण असतात. त्यात एका कणाइतकाही फरक अचूक टिपता आला, तरच कोणता प्रदेश वायू सोडतो आणि कोणता शोषतो, हे सांगता येते. म्हणून उपग्रहाच्या प्रत्येक दाव्याला जमिनीवरचा साक्षीदार लागतो.

असे साक्षीदार जगात आहेत. सूर्याकडे रोखलेल्या वर्णपटमापकांचे ‘टीकॉन’ नावाचे आंतरराष्ट्रीय जाळे २००४ पासून उभे राहिले. त्याची मापे विमानांतून घेतलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिली जातात आणि मगच उपग्रहाचे आकडे त्यांच्याशी जुळवले जातात. अमेरिका, जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे अशी केंद्रे आहेत. या जाळ्यात दीर्घकाळ चालत आलेल्या केंद्रांत भारतातील एकही नाही. भारतीय आकाशाची परीक्षा अशी दूरदेशीच्या आकाशावरून होते. आपला पावसाळा तर वेगळाच. भात शेतात उभा असतो आणि रानेवने सर्वाधिक कार्बन शोषतात, नेमक्या त्याच महिन्यांत ढगांमुळे उपग्रह आंधळा होतो.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे नव्हे. गोव्यातील काबो द राम येथे १९९३ ते २००२ या काळात हवेचे नमुने घेतले गेले; मात्र त्यांचे पृथक्करण ऑस्ट्रेलियात होत असे. लडाखमधील हानले, पुदुच्चेरी आणि पोर्ट ब्लेअर येथे फ्रान्सच्या सहकार्याने नोंदी झाल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर नमुने गोळा करण्यास प्रारंभ केला. परंतु हे नमुने जमिनीलगतच्या हवेचे. उपग्रह पाहतो तो संपूर्ण स्तंभ. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे सूर्याकडे पाहणारा वर्णपटमापक. तेलंगणातील शादनगर येथे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने अशा सुवाह्य उपकरणाच्या साहाय्याने उपग्रहाच्या नोंदी पडताळल्या आहेत. दिशा योग्य आहे; पण एवढ्या विशाल देशाला एखाद-दुसरे केंद्र कसे पुरणार?

पडताळणीला भिण्याचे आपल्याला कारण नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भूस्थित केंद्रे, विमाने आणि इबुकी यांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. २०१० ते २०१५ या काळातील भारताचे मिथेन उत्सर्जन वर्षाला सरासरी २२ दशलक्ष टन निघाले. भारताने संयुक्त राष्ट्रांना कळविलेल्या आकड्याशी ते जुळले आणि त्यात लक्षणीय वाढही आढळली नाही. अर्थात, उद्या एखादे मोजमाप आपल्याला प्रतिकूल आले, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे स्वीकारावे लागेल. सोयीचे तेवढेच मोजणारा तराजू कोणाच्याच विश्वासास पात्र ठरत नाही.

गंगेचे मैदान, मध्य भारतातील वने, पश्चिम घाट, किनारपट्टी आणि हिमालय अशा प्रत्येक भूप्रदेशात किमान एक कायमस्वरूपी केंद्र, नियमित विमान-निरीक्षणे आणि सर्वांना खुल्या नोंदी एवढी सिद्धता शासनाने करावी. या कामाला दिखाऊपणा नाही. दहा-वीस वर्षे चिकाटीने नोंदी ठेवणारी माणसे मात्र हवीत. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांना या क्षेत्राची ओळख करून देणे, हे घराघरांतून होऊ शकेल असे काम आहे. हिशेब तर होणारच आहे. तो दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊन मान्य करायचा, की स्वतः मोजून मांडायचा, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे.