बायकांना रस्ते कळत नाहीत?

'बायकांना रस्ते कळत नाहीत' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवलं जातं की आपणही ते हसत हसत मान्य करून टाकतो. मला मात्र त्याचा राग येतो. अहो, रस्ता कळायला आधी रस्त्यावर जायला तर मिळालं पाहिजे! माहेर, सासर, बाजार, देऊळ आणि मुलांची शाळा एवढ्याच वाटांवर जिचं आयुष्य गेलं, आणि लांबचा प्रवास झाला तो मागच्या सीटवर लेकरू मांडीवर घेऊन, डबे नि पाण्याच्या बाटल्या सांभाळत, तिला पुण्यातले वन-वे कुठून कळणार?

म्हणूनच रस्ता सांगणारं यंत्र ही मला आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट वाटते. सुरुवातीला ते गाडीच्या काचेला चिकटवायची वेगळी डबी होती, आता फोनमध्येच असतं. बार्शीच्या माझ्या ओळखीच्या एक काकू गावातल्या गावात गाडी चालवायच्या. लेकीला पुण्यात बाळंतपणासाठी अ‍ॅडमिट केल्याचा फोन आला, तेव्हा काका परगावी होते. पूर्वीचे दिवस असते तर ड्रायव्हर मिळेपर्यंत त्या देवापुढे बसून राहिल्या असत्या. त्यांनी सरळ किल्ली घेतली. हडपसरपर्यंत हायवे सरळच होता. पुढे शिवाजी रस्ता एकेरी, बाजीराव रस्ताही एकेरी, तोही उलट्या दिशेनं! पण फोन सांगत गेला आणि काकू दवाखान्याच्या दारात पोचल्या. रात्री अनोळखी शहरात काच खाली करून कुणा परक्या माणसाला पत्ता विचारावा लागला नाही, याचं मोल आपल्यालाच कळतं.

आणि गंमत बघा. ज्या यंत्राचं ऐकून आज तमाम पुरुषमंडळी वळणं घेतात, त्यामागे एका बाईचं गणित आहे. ग्लॅडिस वेस्ट हे त्यांचं नाव. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या कृष्णवर्णीय मुलीनं शिष्यवृत्तीवर गणित शिकून १९५६ साली नौदलाच्या संशोधन केंद्रात नोकरी धरली. पृथ्वी काही चेंडूसारखी गोल गुळगुळीत नाही. तिचा नेमका आकार संगणकाकडून मोजून घेण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. तो आकार माहीत असल्याशिवाय उपग्रहावरून आपली जागा अचूक सांगताच येत नाही. एवढ्या कामाचा जाहीर सन्मान झाला तो २०१८ साली, त्यांच्या वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी.

दुसरी गंमत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक क्लिफर्ड नॅस सांगत असत. एका जर्मन मोटार कंपनीच्या गाड्यांत रस्ता सांगणारा आवाज बाईचा होता, तर 'आम्ही बाईचं ऐकून गाडी वळवणार नाही' अशा पुरुष गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला तो आवाज बदलावा लागला! म्हणजे हा स्वभाव काही आपल्याच गल्लीतला नाही.

पण मैत्रिणींनो, कौतुक करताना एक गोष्ट नीट समजून घेऊ या. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून, कमीत कमी चारांकडून, आलेल्या संदेशांच्या वेळा जुळवून हे यंत्र 'तुम्ही इथं आहात' एवढं ठरवतं. पुढचा रस्ता उपग्रह सांगत नाही, तो कुणीतरी भरून ठेवलेल्या नकाशातून येतो. नकाशा चुकीचा किंवा जुना, तर सल्लाही चुकीचा. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी एक गाडी अशीच रस्ता शोधत धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट तुटलेल्या पुलावरून गाडी नदीपात्रात कोसळली, तिघं गेले. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक महिला पुलाऐवजी पुलाखालच्या रस्त्याला लागली आणि गाडीसह खाडीत पडली. सागरी पोलिसांनी तिला वाचवलं म्हणून बरं. उड्डाणपुलावरून जायचं की खालून, हे ओळखताना यंत्राचा हमखास गोंधळ होतो. घाटातल्या बोगद्यात आणि उंच इमारतींच्या दाटीतही ते चाचपडतं.

आणखी एक गोष्ट खास आपल्यासाठी. यंत्र हिशेब करतं तो मिनिटांचा आणि किलोमीटरचा. गल्लीत दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, रात्री दहाला तिथून एकट्या बाईनं जावं का, हे त्याच्या गणितात नसतं. चार मिनिटं वाचवायला ते तुम्हाला बिनधास्त सुनसान आडवाटेला घालेल. तेव्हा रात्री मोठा, वाहता रस्ताच धरायचा. फोन काय म्हणायचं ते म्हणू दे, दोन मिनिटांत तो मुकाट्यानं नवा रस्ता काढतो.

बाकी साध्याच गोष्टी आहेत. निघण्याआधी घरी बसून पूर्ण रस्ता एकदा डोळ्यांखालून घालायचा, मोठी गावं आणि चौक लक्षात ठेवायचे. पत्ता टाकताना तालुका-जिल्हा तपासायचा. आपल्याकडे वडगावं आणि पिंपळगावं काय कमी आहेत? नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला तर रेंज गेली तरी अडत नाही. पत्ता टाकायचा तो गाडी सुरू करण्यापूर्वी, फोन हातात नाही तर स्टँडवर. आणि समोर पाणी, बॅरिकेड किंवा अंधार दिसला तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून थांबायचं. अडचण आलीच तर ११२ आहे.

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर या संशोधक बाईंनी २००० साली दाखवून दिलं की या चालकांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा एक भाग इतरांपेक्षा मोठा असतो. माणूस जितका फिरतो, तितकी वाटांची जाण वाढते. बाई की पुरुष, हा प्रश्न नाही. प्रश्न गाडी कोणाच्या हातात दिली, हा आहे.

शेवटी एक इशारा. ज्या फोनमुळे आपल्याला रस्ता दिसतो, त्याच फोनमुळे 'तू आत्ता कुठं आहेस' हे घरच्यांनाही दिसू शकतं. रात्रीच्या प्रवासात आपण होऊन ते कळवलं तर ती काळजी. पण दिवसाढवळ्या 'त्या चौकात वीस मिनिटं का थांबली होतीस?' असा जाब विचारला जाऊ लागला, तर तो पहारा झाला. मागच्या सीटवरून पुढे यायला आपल्याला फार वर्षं लागली आहेत. स्टिअरिंग हातात आणि लगाम दुसऱ्याच्या हातात, असं होऊ देऊ नका. घरात एकदा हे स्पष्ट बोला. मग येत्या रविवारी किल्ली घ्या आणि जवळच्या, पण न पाहिलेल्या एखाद्या गावाला जाऊन या. जाताना फोनचं ऐका, येताना त्याला गप्प बसवा. रस्ते असेच कळतात.