विश्लेषण : तास तेवढेच, वेळ वेगळी, सोलापुरात जोड-अभ्यासक्रमाचा लाभ कोणाला?

तीस तासांचा एक जोड-अभ्यासक्रम आहे. तो आठवड्यातून दोनदा सायंकाळी सहा ते साडेसात घेतला किंवा दर रविवारी सकाळी दहा ते एक घेतला, तरी दहा आठवड्यांत तास तेवढेच भरतात. कागदावर फरक शून्य. पण अक्कलकोट किंवा मोहोळ तालुक्यातील गावातून एसटीने सोलापुरात शिकायला येणाऱ्या मुलीसाठी हा फरक मोठा आहे. साडेसातला वर्ग सुटेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी अनेकदा निघून गेलेली असते. उलट दिवसभर दुकानात किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करणाऱ्या शहरातील मुलाला सायंकाळचीच वेळ सोयीची. म्हणूनच या अभ्यासक्रमांबाबत ‘काय शिकवणार?’ याआधी ‘कधी आणि कुठे?’ हे ठरायला हवे.

हे अभ्यासक्रम म्हणजे काय?

पदवीच्या ठरलेल्या विषयांबाहेरचा एखादा खास विषय थोड्या तासांत शिकवणारे हे वर्ग. जीएसटी विवरणपत्र, डेटा विश्लेषण, अनुवाद, वस्त्र डिझाइन असे त्यांचे विषय असू शकतात. कल्पना नवी नाही. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा सुरू केली, ती दिवसा कष्ट करणाऱ्यांसाठीच. शिकणाऱ्याच्या सोयीने वर्गाची वेळ ठरवण्याचा तो धडा आजही लागू पडतो.

श्रेयांकाचे गणित काय?

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक म्हणजेच क्रेडिट मिळते. प्रात्यक्षिकासाठी हेच प्रमाण ३० तासांना एक. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. म्हणजे रविवारच्या दहा वर्गांत दोन श्रेयांक जमू शकतात. ते साठवण्यासाठी २०२१ पासून ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे.

खरी मेख इथेच आहे. हा वर्ग पदवीच्या आराखड्यात बसवला, तर विद्यार्थ्याचे तेवढे ओझे कमी होते. तो बाहेर ठेवला, तर पदवीचे सर्व तास भरून वर हा वर्ग करायचा आणि हाती फक्त प्रमाणपत्र. ज्याच्याकडे मोकळा वेळ आणि फीचे पैसे आहेत, त्याला ते परवडते. रविवारीही शेतात किंवा यंत्रमागावर हात लावावा लागणाऱ्याला नाही. फाइलमध्ये आणखी एका प्रमाणपत्राची भर पडण्यापेक्षा पदवीत दोन श्रेयांक मोजले जाणे त्याच्या अधिक उपयोगाचे.

सोलापुरात अडचण कुठे?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. कोल्हापूरवरचे अवलंबित्व संपले आणि विद्यापीठ जवळ आले. पण जिल्हाही लहान नाही, त्यात ११ तालुके आहेत. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरपेक्षा लांब. विद्यापीठाचा परिसर शहराबाहेर पुणे महामार्गावर केगावला. तिथे रविवारी उत्तम वर्ग भरला, तरी करमाळ्याच्या विद्यार्थ्याचा बहुतेक दिवस प्रवासातच जाईल.

मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळते. मुलींच्या शिक्षणाला त्याचा मोठा आधार आहे. मात्र भाडे कमी झाले म्हणून गाडीची वेळ बदलत नाही.

ऑनलाइन हा पर्याय नाही का?

निम्मा आहे. ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा आयोगाने २०२१ मध्ये दिली. सिद्धांत मोबाइलवर ऐकता येतो. पण टेरी टॉवेलचा पोत हाताला कळावा लागतो आणि डाळिंबावरचा तेल्या रोग बागेत उभे राहूनच नीट ओळखता येतो. शिवाय एकट्याने स्क्रीनसमोर बसून अभ्यास पूर्ण करणे प्रत्येकाला जमत नाही.

मग काय करता येईल?

• वर्ग तालुक्याला न्यावा : बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, करमाळा इथल्या महाविद्यालयांत रविवारी खोल्या रिकाम्या असतात. चाळीस विद्यार्थ्यांनी सोलापूर गाठण्यापेक्षा एका शिक्षकाने तालुक्याला जाणे स्वस्त.

• विषय इथलेच हवेत : सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावलाच आहे. शहरात मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही भाषा नांदतात. टॉवेलच्या निर्यातीची कागदपत्रे, डाळिंबाची प्रतवारी, तीन भाषांतील अनुवाद या विषयांना जिल्ह्यातच शिक्षक आणि काम दोन्ही मिळू शकते.

• जाणकारांना वर्गात आणावे : पीएचडी नसलेल्या अनुभवी व्यावसायिकांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमण्याची वाट २०२२ मध्ये खुली झाली. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर रविवारचे जादा तास फुकट लादून हे वर्ग टिकणार नाहीत. मानधन हवेच.

• वेळ विचारून ठरवावी : प्रवेशाच्या अर्जातच दोन प्रश्न टाकावेत. शेवटची गाडी किती वाजता? काम किती वाजता सुटते? उत्तरे पाहून सायंकाळची तुकडी शहरात आणि रविवारची तालुक्यात ठेवता येईल.

रविवार हा विश्रांतीचाही दिवस आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तो मागताना त्याची किंमत श्रेयांकात चुकवायला हवी. एखादा अभ्यासक्रम यशस्वी झाला का, हे किती प्रमाणपत्रे वाटली यावरून ठरू नये. ती घेणाऱ्यांत गावाहून एसटीने येणाऱ्या किती आणि काम करून शिकणारे किती, हे मोजले तरच कळेल की दार कोणासाठी उघडले होते.