शिडाची दोरी तुटण्याआधीच का बदलावी?

नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

समुद्रात वारा वाढला, की शीड आखडावे लागते. अनेक बोटींत त्यासाठीची दोरी शिडाखालच्या पोकळ आडव्या दांड्यातून, म्हणजे ‘बूम’मधून जाते. त्यामुळे आतली झीज दिसत नाही. ऐन वादळात दोरी तुटली, तर शीड फाटण्याचा, डोलकाठी मोडण्याचा धोका असतो.

उपाय पायजम्याच्या नाडीसारखाच सोपा आहे. जुन्या दोरीच्या टोकाला नवी बांधायची आणि जुनी ओढून काढायची. तुटल्यावर मात्र वायरमनसारखी तार आत सारत बसावे लागते.

म्हणून दोरी बंदरातच बदलावी. इथली काटकसर समुद्रात महागात पडते.