पॉडकास्ट काढताय? मग आधी सांगा, कुणासाठी?

आंबेडकरी तरुणांच्या बैठकांत आजकाल एक ठराव हमखास होतो. "आपलाही एक पॉडकास्ट पाहिजे." ठराव योग्यच आहे. पण पुढची सगळी चर्चा होते ती माइक कोणता घ्यायचा, मागे बाबासाहेबांचा फोटो कुठे लावायचा आणि पहिल्या भागाला कोणत्या नेत्याला बोलवायचे यावर. ऐकणार कोण, हे कुणी विचारत नाही. मग तीन भाग निघतात, तिसरा भाग शंभर लोकही ऐकत नाहीत आणि निष्कर्ष काढला जातो की आपला समाज ऐकतच नाही. हा निष्कर्ष मला मान्य नाही. समाज ऐकतो. आपण नेमके कुणाशी बोलतोय हे ठरवत नाही, म्हणून तो आपल्याला ऐकत नाही.

आपले माध्यम आपल्या हातात हवे, यावर वाद नको. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या २०१९ च्या अहवालात माध्यमांमधल्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या होत्या. त्यांपैकी १०६ जागांवर सवर्ण पत्रकार होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. शंभर वर्षांपूर्वीही हेच होते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. हा इतिहास आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी सांगतो. पण त्यातून माध्यम चालवायचे धडे घेत नाही.

पहिला धडा नावातच आहे. बाबासाहेबांनी आपल्या पत्राचे नाव 'भारत' ठेवले नाही, 'बहिष्कृत भारत' ठेवले. पत्र कुणाचे आणि कुणासाठी, हे वाचकाला पहिल्या पानावरच कळत होते. दुसरा धडा वेळेचा. महाडला चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ ला प्याले गेले आणि 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक ३ एप्रिलला आला. म्हणजे आधी माणसे रस्त्यावर आली होती, आणि त्यांना काय वाचायचे आहे हे संपादकाला ठाऊक होते. आपण उलटे करतो. आधी स्टुडिओ उभा करतो आणि मग माणसे शोधतो.

मी भिवंडीतून लिहितोय, म्हणून उदाहरण इथलेच घेतो. "भिवंडीच्या कामगारांसाठी पॉडकास्ट" असे कुणी म्हणाले की मी विचारतो, कोणता कामगार? मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला खटखटाटात शेजारच्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. कामाच्या वेळी तो काहीच ऐकू शकत नाही. त्याला फुरसत मिळते ती भिस्सीत जेवताना किंवा झोपण्यापूर्वी. त्यांतल्या कितीतरी जणांची भाषा हिंदी किंवा उर्दू आहे. पद्मानगरला जा, तिथे तेलुगू ऐकू येईल. दुसरीकडे आपल्या वस्तीतली बारावी झालेली मुलगी काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांत पिकिंग-पॅकिंगला जाते. अनेक ठिकाणी तिचा मोबाइल गेटवरच जमा होतो. तिच्याकडे असतात शेअर रिक्षातली जाता-येतानाची वीस-पंचवीस मिनिटे. हे दोघेही भिवंडीचे कामगार आहेत. पण दोघांची भाषा, वेळ आणि अडचण वेगळी आहे. दोघांसाठी एकच कार्यक्रम केला तर दोघेही तो ऐकणार नाहीत.

आता समजा, तुम्ही त्या गोदामातल्या मुलीसाठी बोलायचे ठरवले. बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. भाग वीस मिनिटांचा, कारण रिक्षाचा प्रवास तेवढा. भाषा ती बोलते ती मराठी, सभेतली नाही. विषय तिच्या दिवसातले. पगारातून पीएफ कापला जातो, पण जमा होतो का? यूएएन नंबरवरून ते कसे तपासायचे? ठेकेदार बदलला की आधीच्या पैशांचे काय होते? दहा किंवा त्याहून जास्त माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी आणि ठेकेदारी कामगारालाही तिथे तक्रार करता येते, हे तिला कुणी सांगितले आहे? रात्रपाळी करून पदवीचा बाहेरून फॉर्म कसा भरायचा? असे वीस विषय कागदावर लिहून काढा. वीस निघाले नाहीत, तर एकतर श्रोता चुकीचा निवडला आहे किंवा तुम्ही त्याच्याशी पुरेसे बोललेला नाहीत. माइक घेण्याआधी अशा दहा मुलींशी बोला. ही तयारी फुकट होते आणि तिच्यावाचून बाकी सगळा खर्च वाया जातो.

इथे हमखास आक्षेप येतो. "पीएफवर बोलायचे तर मग आंबेडकरी विचार कुठे राहिला?" ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ मध्ये कुणी काढला आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते कुणाकडे होते, ते एकदा वाचावे. बाबासाहेब या मुलीपर्यंत तिच्या पगाराच्या चिठ्ठीतून पोहोचतील, तर ते दारातून आत आले असे मी म्हणेन. आणि जो पॉडकास्ट प्रत्येक भागात फक्त बाबासाहेबांची थोरवी सांगतो, तो आधीच पटलेल्यांना पुन्हा पटवत बसतो.

दुसरा आक्षेप असा की जमाना व्हिडिओचा आहे. असेल. पण गोदामातली मुलगी कॅमेऱ्यासमोर ठेकेदाराविरुद्ध बोलली तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर कोण घेईल? नुसत्या आवाजात चेहरा दिसत नाही. आवाजही ओळखू येईल अशी भीती असेल तर तिचे म्हणणे दुसऱ्या कुणाच्या तोंडून वाचून घ्या. ज्यांना बोलण्याची किंमत मोजावी लागते, त्यांच्यासाठी पॉडकास्ट हे सोयीचेच नाही तर सुरक्षित माध्यम आहे. मात्र जबाबदारीही तेवढीच मोठी. रेकॉर्डिंग प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या व्यक्तीला ऐकवा आणि नको म्हटले तर निमूटपणे काढून टाका. अत्याचाराच्या प्रकरणांत जास्तच सांभाळा. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. नाव वगळले पण गाव, गल्ली आणि वडिलांचा धंदा सांगितला, तर ओळख उघड झालीच.

आता साधनांविषयी, थोडक्यात. हजार-दीड हजारात कॉलरला लावायचा माइक येतो आणि सुरुवातीला तेवढा पुरतो. फोन फ्लाइट मोडवर ठेवा. कारखान्याला चिकटून घर असेल तर माग बंद असतील ती वेळ गाठा. खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीला गोधड्या टांगा, त्या महागड्या फोमइतक्याच इमानदारीने काम करतात. कापाकापीसाठी 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर मोफत आहे. तयार भाग ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्रीमध्ये काढला तर अर्धा तास साधारण १४ एमबीत बसतो, म्हणजे डेटा संपत आलेला माणूसही तो व्हॉट्सॲपवर घेऊ शकतो. प्रसिद्धीपूर्वी तो स्वस्तातल्या इअरफोनवर, चालत्या रिक्षात ऐका. तिथे शब्द कळला तर सगळीकडे कळेल.

पार्श्वसंगीताला कॅसेट कंपन्यांची भीमगीते उचलून लावू नका. हक्काचा दावा आला की भाग उडतो. वस्तीतल्या शाहिराला बोलवा, त्याचीच रचना त्याच्या परवानगीने घ्या, त्याचे नाव सांगा आणि मानधन द्या. उलट, बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून हक्कमुक्त आहे, कारण लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांची मुदत २०१६ अखेर संपली. 'मूकनायक'मधले त्यांचे अग्रलेख तुम्ही खुशाल वाचून दाखवू शकता. फक्त इंग्रजी ग्रंथांच्या मराठी अनुवादांवर अनुवादकाचा हक्क वेगळा असू शकतो, तेवढे पाहा.

वाढ कशी होणार? यावर सल्ला देणारे सगळे जण अल्गोरिदम शिकवतात. माझे म्हणणे, आधी विहारात जा. वर्षावासात तीन महिने आपल्या बायाबापड्या विहारात जमतात, एक जण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचतो आणि बाकीचे ऐकतात. एकत्र बसून ऐकायची इतकी मुरलेली सवय दुसऱ्या कुणाकडे आहे? तुमचा भाग विहारातल्या स्पीकरवर लावा आणि नंतर अर्धा तास चर्चा करा. चर्चेतले प्रश्न हाच पुढचा भाग. मोबाइलवर तो एकदाच ऐकला गेला असे दिसेल, पण ऐकणारे चाळीस असतील. तेलंगणात पस्तापूरच्या दलित स्त्रियांनी हेच केले. रेडिओचा परवाना मिळेपर्यंत त्या कार्यक्रम टेपवर रेकॉर्ड करून गावोगावच्या संघांत ऐकवत होत्या. १५ ऑक्टोबर २००८ ला 'संघम रेडिओ' अधिकृतपणे सुरू झाला तेव्हा श्रोते आधीच तयार होते. त्यांना परवान्याची वाट पाहावी लागली. तुम्हाला पॉडकास्टसाठी तसल्या परवान्याचीही गरज नाही.

मात्र कोणत्याही कंपनीच्या भरवशावर घर बांधू नका. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि गावखेड्यातल्या कितीतरी कलाकारांचे श्रोते एका रात्रीत गेले. २०२४ मध्ये गूगलने आपले पॉडकास्ट ॲपच बंद केले. म्हणून मूळ फाइली दोन ठिकाणी जपा, आरएसएस फीड स्वतःच्या ताब्यात ठेवा आणि परवानगी घेऊन श्रोत्यांचे नंबर वहीत लिहा. ती वही हीच तुमची खरी मालमत्ता.

शेवटी पैसा. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत दिली होती. बाबासाहेब शिक्षणासाठी परदेशी गेल्यावर पुढे तो बंद पडला. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत होते, आणि तोही १९२९ मध्ये थांबला. म्हणजे एकरकमी देणगीवर पत्र निघते, पण चालते ते वर्गणीवर आणि एकाहून जास्त हातांवर. चाळीस श्रोत्यांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर दोन हजार होतात. छोट्या कार्यक्रमाला तेवढे पुरतात. हिशेब दर तीन महिन्यांनी जाहीर करा. निवडणुकीच्या तोंडावर एखादा इच्छुक नगरसेवक किंवा लेबर ठेकेदार "सगळा खर्च माझा" म्हणत येईल. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तसेच एका गटाचा नेता पाहुणा म्हणून आणला की दुसऱ्या गटाचे कान बंद होतात. आपल्यातली फूट माइकवर आणायची गरज नाही.

पंधरवड्याला एक भाग, एका वेळी आठ भाग, तीन-चार जणांत वाटलेले काम. पहिला भाग बाहेर पडण्यापूर्वी चार भाग तयार हवेत. एवढे झेपत असेल तरच सुरुवात करा. आणि या रविवारच्या वंदनेनंतर माइकवर चर्चा करू नका. वस्तीतली गोदामात जाणारी एक मुलगी गाठा आणि तिला विचारा, बाई, तुला रिक्षात काय ऐकायला आवडेल? ती सांगेल ते लिहून घ्या.

जय भीम!