मुलगी पीएच.डी. करायचे म्हणते, घरच्यांनी काय समजून घ्यावे?



दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला आले, की आम्हा विस्तार अधिकाऱ्यांची पीक कापणी प्रयोगांची धावपळ सुरू होते. अशाच एका प्रयोगासाठी पूर्णा गावी गेलो होतो. ठाणे-भिवंडी रस्त्यावरचे हे गाव आता गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. तरीही गोदामांच्या मागच्या अंगाला काही घरांनी आपली खाचरे अजून राखली आहेत. त्यांतल्या एका खाचरात चौकोन आखला, भात कापले, झोडले, वजन वहीत टिपले. काम आटोपल्यावर शेताच्या धन्याने चहाला घरी नेले.

चहा होतो न होतो तोच त्यांनी मनातले काढले. "साहेब, आमची पोर एम.एस्सी. झाली. आता पीएच.डी. करायची म्हणते. म्हणजे अजून पाच वर्षं! गोदामवाला सारखा दारात येतो. तो खाडीकडचा तुकडा दिला तर तिचं शिक्षणही निघंल आन् लग्नही निघंल. तुम्हीच तिला काय ते सांगा."

आतून त्यांच्या घरधनीणबाई म्हणाल्या, "तोवर तिचं वय किती होईल, ते पण विचारा साहेबांना."

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, मला जमीन विकून शिकायचं नाही. मला त्याच जमिनीवर काम करायचं आहे."

ही गोष्ट त्या एका घरापुरती नाही. आज खेड्यापाड्यांतून मुले-मुली एम.ए., एम.एस्सी. होत आहेत, आणि घरातली वडीलधारी माणसे "आता पुढे काय?" म्हणून चिंतेत आहेत. मी स्वतः बी.एस्सी. (कृषी)वर थांबलेला माणूस आहे. पण संशोधकांचे प्रयोग बांधावर उभे राहून पाहण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पीएच.डी. ही बारावी किंवा बी.एस्सी.सारखी आणखी एक मोठी परीक्षा नव्हे. ज्या प्रश्नाचे नीट उत्तर अजून कोणी दिलेले नाही, असा एक प्रश्न घ्यायचा, त्याचे उत्तर पुराव्यासह शोधायचे आणि जाणत्या परीक्षकांपुढे ते टिकवून दाखवायचे, याचे नाव पीएच.डी.

याचा आपल्याशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. त्या दिवशी ज्या पीक कापणी प्रयोगासाठी मी गेलो, त्याचेच उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्र शिकायला लंडनला गेले आणि १९३६ साली तेथे पीएच.डी. झाले. परत आल्यावर त्यांनी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत काम केले. साऱ्या देशाचे पीक किती आले हे सगळी शेते न कापता कसे सांगायचे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे काही शेते निवडायची आणि त्यांतला ठरावीक तुकडा कापायचा, ही पद्धत देशात बसवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. कापायचा तुकडा फार लहान घेतला, तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी १९४६ साली दाखवून दिले. आज पीकविम्याच्या वेळी तुमच्या शेतात दोरी पडते, तिच्यामागे एका खेड्यातल्या मुलाने केलेले असे शिक्षण आहे. ते वाया गेले असे कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट संशोधन आराखड्याची. प्रवेश मागताना "मी काय शोधणार, का शोधणार आणि कसे शोधणार" हे लिहून द्यावे लागते. मुलीने आपला कागद मला दाखवला. वर लिहिले होते, 'कोकणातील खार जमिनी व भातपिकाचा अभ्यास'.

मी विचारले, "बाळ, साऱ्या कोकणाची नांगरणी एका बैलजोडीने किती वर्षांत होईल?"

वडील हसले, मुलगी मात्र हिरमुसली. मी वडिलांना म्हटले, "दादा, खाडीचं पाणी शिरलं होतं तेव्हा तुमच्या खाचरात काय झालं, ते आधी सांगा."

ते म्हणाले, "बांधाला खांड पडली त्या साली कोवळं रोप लावलं, ते सगळं जळालं. शेजाऱ्याची आवणी मागं राहिली होती. त्याचं रोप जून झालेलं, पण त्यातलं बरंचसं तगलं. आता ते रोपामुळं तगलं का पावसानं मीठ धुतलं म्हणून तगलं, ते देवाला ठावं."

मंडळी, संशोधनाचा प्रश्न असा असतो! मुलीने तेथल्या तेथे वही उघडली. रोपाच्या वयाने फरक पडला की पावसाने, हे वेगळे करून दाखवायचे. म्हणजे एकाच दिवशी, एकाच खाचरात, वेगवेगळ्या वयाची रोपे लावून पाहायची. 'साऱ्या कोकणाचा अभ्यास' आता एका खाचरात मावेल एवढा झाला.

आराखडा लिहिताना पुढचा क्रम ठेवावा. शास्त्र असो, इतिहास असो की मराठी वाङ्मय, क्रम बहुतेक हाच असतो.

१. प्रश्न : दोन-तीन वाक्यांत सांगता आला पाहिजे. घरातल्या न शिकलेल्या माणसाला तो समजला, तर तो नीट बांधला गेला असे समजावे.

२. आधी काय झाले आहे : दुसऱ्याचा बांध कुठे संपतो हे पाहिल्याशिवाय आपला घालू नये. भात मिठाला किती सोसते हे जगात मोजलेले आहे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता सुमारे ३ डेसीसायमन प्रति मीटर असेपर्यंत भात सहसा सोसते. त्यापुढे दर एका अंशाला उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटते. रोप लहान असताना भात मिठाला अधिक नाजूक असते, हेही माहीत आहे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या पनवेल-१, २, ३ अशा जाती दिल्या आहेत. देशभरातले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर आणि शेतीचे प्रबंध 'कृषिकोश'वर घरबसल्या फुकट वाचता येतात. आपल्या मुलीने दोन आठवडे तेच केले.

३. काय उरले आहे : यावरच सगळा आराखडा उभा असतो. दोन आठवड्यांनी ती पंचायत समितीत मला भेटायला आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "काका, बरंच काम आधीच झालेलं आहे." मी म्हटले, "मग चांगलंच झालं. आता तुझं काय राहिलं ते सांग." थोडा विचार करून ती म्हणाली, "आमच्या भागातली जुनी गरवी भातं मला त्यात कुठे दिसली नाहीत." तिला तिची जागा सापडली होती.

४. उद्दिष्टे : तीन-चार पुरेत. दहा लिहिली म्हणजे एकही पुरे होणार नाही, हे परीक्षकाला लगेच कळते.

५. पद्धत : येथे हिशेब लागतो. रोपाची वये तीन, जाती तीन, म्हणजे नऊ प्रकार. प्रत्येक प्रकार चार वेळा लावायचा, कारण एका वाफ्याच्या निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही. झाले छत्तीस वाफे. वाफा ३ मीटर बाय ४ मीटरचा धरला तर ४३२ चौरस मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठ्यांच्या वर. मधले बांध धरून पाच-सहा गुंठे लागतील. खाडीकडच्या बाजूला मीठ जास्त आणि वर कमी असणार. म्हणून वाफ्यांचे चार पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यात नऊही प्रकार चिठ्ठ्या टाकून बसवायचे. आपल्या लाडक्या जातीला चांगली जागा द्यायची नाही! शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी ही रीत घालून दिली.

६. वेळापत्रक आणि खर्च : भाताचे हंगाम किमान दोन हवेत. एक पाऊस दगा देऊ शकतो. माती तपासणी, मजुरी, प्रवास हे सगळे मांडावे.

७. उपयोग : उत्तर मिळाले तर कोणाच्या कामी येईल, ते दोन ओळींत.

तिसरी गोष्ट प्रवेशाची आणि पैशांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ आणि साधारणपणे जास्तीत जास्त ६ वर्षे मिळतात. महिलांना २ वर्षांची जादा सवलत आहे, तसेच बाळंतपण व मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. एम.एस्सी., एम.ए.ला ५५ टक्के गुण लागतात. मागासवर्गीय, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सूट आहे. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही प्रवेशासाठी धरतात. त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. काही विद्यापीठे आपली वेगळी परीक्षाही घेतात. कृषी विद्यापीठांची रीत निराळी आहे. तेथे आधी प्रवेश, मग मार्गदर्शक आणि समिती, त्यानंतर आराखडा.

नेटमध्ये वरच्या क्रमांकाने कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. ती न मिळाल्यास आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या योजना आहेत. जागा मोजक्या असतात आणि नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. एक मात्र स्पष्ट सांगतो. पैसे हातात पडायला उशीर होतो. पहिल्या वर्षाची तजवीज घरातून ठेवावी. आणि पीएच.डी. झाली म्हणजे नोकरी ठरली, असेही समजू नये.

चौथी गोष्ट फसवणुकीची. "आराखडा लिहून देतो, प्रबंधही लिहून देतो, इतके हजार द्या," असे सांगणारे भेटतात. त्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका. २०१८ पासून उचलेगिरीविरुद्धचे नियम लागू आहेत. उसना मजकूर फार आढळला, तर नोंदणीसुद्धा रद्द होते. मार्गदर्शक निवडतानाही नाव किती मोठे हे पाहण्यापेक्षा त्यांच्या हाताखाली किती विद्यार्थी वेळेत पुरे झाले, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.

आता पूर्ण्याच्या घराकडे येतो. हा सगळा हिशेब वडिलांसमोर मांडला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी जमीन विकायची गरज नाय. पोरीला सहा गुंठं लागतात, ते खाडीकडचं देतो. यंदा गोदामवाल्याला नाय म्हणून सांगतो. पुढचं पुढं."

मी मुलीला बजावले, की प्रयोगाची जागा मार्गदर्शकाने मान्य केली पाहिजे, आणि वडिलांच्या शेतात वडिलांच्या सोयीने आकडे बदलता येणार नाहीत. ती म्हणाली, "बाबांची आठवण बरोबर ठरली नाही, तरी मी तसंच लिहीन." वडिलांनी मान डोलावली. त्या उत्तराने मला अर्धी पीएच.डी. तिथेच झाल्यासारखी वाटली.

आईच्या वयाच्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो त्या घराने बसून सोडवायचा प्रश्न आहे. एवढेच म्हणालो, "वहिनी, वर्षं तर जाणारच आहेत. ती कशात जावीत, हे तिलाही एकदा विचारा."

मुलीने अर्ज भरला आहे. मुलाखत व्हायची आहे. होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण बांधावरची आठवण कागदावर उतरली, आणि ती खरी की खोटी हे पाहायला घरातलीच लेक निघाली. वाचकहो, तुमच्या घरातही असे कोणी असेल, तर "किती वर्षं?" या प्रश्नाच्या आधी "तुझा प्रश्न कोणता?" एवढे विचारा. तिला किंवा त्याला तो दोन वाक्यांत सांगता आला, तर पुढचा हिशेब एकत्र बसून करा.

कळावे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी