बेसिनखालचं कपाट

संभाजीनगरला सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमधलं बेसिनखालचं कपाट दोन पावसाळ्यांत पावासारखं फुगलं. मिस्त्रीने एमआर प्लाय वापरला होता. तो हवेतला दमटपणा सोसतो, साचलेलं पाणी नाही. म्हटलं, आता आपणच करू. मजुरी वाचवायला नाही हं, ती वाचत नाही! पाणी शिरतं प्लायच्या कापलेल्या कडांतून आणि पाइपच्या भोकातून, आणि तिथे सनमायका लावायचे कष्ट कुणी घेत नाही, कारण दिसतंय कुणाला? मी आयएस ७१० चा मरीन प्लाय आणला, ज्याचे नमुने ७२ तास उकळून तपासतात. तरीही प्रत्येक कडेला इपॉक्सी लावलं आणि कपाट जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीला टांगलं. चार रविवार गेले. दार मात्र अजून किंचित तिरकं लागतं. बायको रोज दाखवते.